साइटवरच्या कामासाठी व्हॉट्सॲप गटाऐवजी काय वापरावे?

ओळंबा:
नाशिकमध्ये आमचे स्ट्रक्चरल डिझाइनचे छोटे कार्यालय असून सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या गटांवर चालतो. सुधारित ड्रॉइंग, सळईच्या गाडीची चौकशी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाखाली एक येत राहिल्याने नुकतीच एका साइटवर बीमची सळई जुन्या आर-२ (दुसऱ्या सुधारणेच्या) ड्रॉइंगवरून बांधली गेली. आर-३ त्याच गटात बराच वर पडून होते. स्लॅक या कार्यालयीन संदेशांच्या ॲपची मोफत आवृत्ती पुरेल का? मुकादम मंडळी नवे ॲप उघडतील, अशी आशा नाही.

रात्रपाळी:
स्लॅक हाताळायला उत्तम आहे, परंतु मोफत आवृत्तीत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत आणि वर्षापेक्षा जुने पुसले जातात. पायाच्या वेळी जे ठरले, ते स्लॅब ओतेपर्यंत हाताशी राहणार नसेल, तर बांधकामाच्या धंद्यात त्याचा उपयोग काय? पैसे मोजणार असाल तरच त्याचा विचार करावा.

जुनी_फाइल:
माझे मत झुलिप या स्लॅकसारख्याच ॲपच्या बाजूने आहे. तेथे प्रत्येक चॅनेलमध्ये विषयवार धागे असतात. म्हणजे इमारतीचे एक चॅनेल, त्यात ‘पहिला स्लॅब – बीम’ हा धागा, आणि त्या बीमबद्दलची सर्व चर्चा, मग ती कितीही महिन्यांनी पुन्हा निघो, त्याच धाग्यात. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर असल्याने स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येते, आणि ही बाब मला मोलाची वाटते: मेटासारख्या कंपनीनेही आपले ‘वर्कप्लेस’ हे कार्यालयीन संवादाचे ॲप बंद करत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा आपला मजकूर बाहेर काढता येतो की नाही, हे आधीच पाहावे. मुकादमांना मात्र व्हॉट्सॲपवरच राहू द्यावे. साइटचा असा एक वेगळा गट करावा, की ज्यात केवळ ॲडमिनला लिहिता येईल, आणि त्यात मंजूर ड्रॉइंगखेरीज काहीही टाकू नये.

ओळंबा:
सूचना पटली. पण मुकादमाला शंका आली, तर त्याने विचारायचे कोठे?

जुनी_फाइल:
सरळ फोन करावा. उत्तर देणाऱ्या अभियंत्याने ते त्याच दिवशी झुलिपच्या धाग्यात दोन ओळींत नोंदवावे आणि ड्रॉइंग बदलत असेल, तर नवा आर-क्रमांक देऊनच गटावर पाठवावे. फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द वापरण्यास आमच्याकडे सक्त मनाई आहे.