‘न्यायवैद्यक’, ‘न्यायसहायक’ की नुसते ‘फॉरेन्सिक’?

प्रश्न

इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘गुन्ह्याच्या तपासात विज्ञान’ या विषयावर मी तीन तासिकांचा परिचयवर्ग घेणार आहे. वृत्तपत्रांत या शास्त्राला कधी न्यायवैद्यक, कधी न्यायसहायक, तर कधी न्यायवैज्ञानिक म्हटलेले आढळते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने ‘न्यायवैद्यक प्रयोगशाळेत डॉक्टर असतात का?’ असे विचारले, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. हे शब्द एकमेकांचे पर्याय आहेत, की त्यांच्या अर्थांत भेद आहे? तसेच तपास, तपासणी आणि चाचणी हे शब्द मुले सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. त्यांतला फरक कसा समजावून द्यावा?

प्रतिसाद १

आपल्या विद्यार्थिनीची शंका रास्त आहे आणि तिचे मूळ वृत्तपत्रांतील ढिलाईत आहे. न्यायवैद्यक म्हणजे न्यायाच्या कामी येणारे वैद्यक, म्हणजेच डॉक्टरांचा विषय. शवविच्छेदन करणे, जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची हे सांगणे, हाडांवरून किंवा दातांवरून वयाचा अंदाज बांधणे ही त्याची कामे असून वैद्यकीय महाविद्यालयात तो विषशास्त्रासोबत शिकवला जातो. प्रयोगशाळेत मात्र बहुतांशी रसायन, जीवशास्त्र आणि भौतिकी शिकलेली माणसे काम करतात. महाराष्ट्र शासनाच्या अशा प्रयोगशाळेचे अधिकृत मराठी नाव ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’ असे आहे. तिचे संचालनालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, नाशिक आदी ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. त्यामुळे ‘न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल’ हा वृत्तपत्री प्रयोग चुकीचाच मानला पाहिजे.

या दोन शब्दांमधली सीमा मुलांना ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’ या बातम्यांतील नेहमीच्या वाक्यावरून उत्तम समजेल. विषबाधेचा संशय असला, की शवविच्छेदन करणारा डॉक्टर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बरण्यांत घालतो, ते टिकावेत म्हणून सामान्यतः मिठाचे संपृक्त द्रावण ओततो, बरण्यांना लाखेचे सील करतो आणि पोलिसांच्या हाती देतो. इथपर्यंत न्यायवैद्यक. सील तुटलेले नाही याची खातरजमा करून प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ ती बरणी उघडतो, तेथून पुढचे काम न्यायसहायक विज्ञानाच्या विषशास्त्र विभागाचे. (‘व्हिसेरा’साठी ‘आंतरावयव’ हा शब्द आहे, पण पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत कोणीही तो वापरत नाही, तेव्हा मुलांवर तो लादू नये.)

‘फॉरेन्सिक’ची व्युत्पत्ती सांगितल्यास वर्गात रंगत येईल. प्राचीन रोममध्ये बाजार, सभा आणि न्यायनिवाडा जेथे चाले त्या चौकाला ‘फोरम’ म्हणत. त्यावरून झालेल्या लॅटिन ‘फोरेन्सिस’चा अर्थ ‘फोरमचे, फोरमसंबंधीचे’. आपल्याकडील चावडी डोळ्यांसमोर आणावी: गावाचा तंटा जेथे सर्वांसमक्ष मांडला जाई, तेथे मांडण्याजोगे जे, ते फॉरेन्सिक. हिंदीतला ‘न्यायालयिक’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे, हे मान्य. तरीही मला मराठीतला ‘न्यायसहायक’ अधिक पसंत आहे, कारण हे विज्ञान न्याय करत नाही, न्यायाला साहाय्य करते, ही गोष्ट तो शब्द नावातच सांगून टाकतो. दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहून प्रयोगशाळाच गुन्हेगार पकडते असे समजणाऱ्या मुलांना नेमके हेच सांगायचे असते.

एक शुद्धलेखनाची सूचना. ‘सहाय’ म्हणजे सोबती, त्यावरून ‘सहायक’. आणि भाववाचक नाम ‘साहाय्य’. या दोहोंची सरमिसळ होऊन ‘सहाय्यक’ रूढ झाला आहे आणि सरकारी पाट्यांवरही तो दिसतो. फळ्यावर ‘न्यायसहायक’ असेच लिहावे.

प्रतिसाद २

मी फौजदारी न्यायालयांत अनेक वर्षे वकिली केली असल्याने वरील उत्तराला व्यवहाराच्या अंगाने थोडी जोड देतो. जुन्या पिढीतले वकील आणि पोलीस आजही प्रयोगशाळेच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. हे काम पूर्वी शासनाच्या ‘केमिकल अ‍ॅनलायझर’कडे, म्हणजे ‘रासायनिक विश्लेषका’कडे असे, त्या काळाचा हा अवशेष आहे.

तपास पोलीस करतात, तपासणी डॉक्टर करतो आणि चाचणी प्रयोगशाळेत होते, एवढे सूत्र नववीला पुरेसे आहे. ‘प्रयोगशाळेने गुन्ह्याचा तपास केला’ हे वाक्य म्हणून चूक. गंमत अशी, की ‘प्रयोगशाळा’ म्हणवणाऱ्या या वास्तूत प्रयोग असा होत नाही; तेथे ठरलेल्या पद्धतीने परीक्षण होते आणि ‘प्रयोग’ हा शब्द गुन्ह्याच्या बाजूलाच, ‘विषप्रयोगा’त, जाऊन बसला आहे.

‘पंचनामा’ आणि ‘मुद्देमाल’ हे शब्द परिचयवर्गात अवश्य घ्यावेत. पंच आपले आणि ‘नामा’ फारसी, म्हणजे लेख. पंचांच्या समक्ष जे दिसले त्याचा लेख तो पंचनामा. बोलताना आपण ‘त्याचा चांगला पंचनामा केला’ असे म्हणतो तेव्हा त्यात वाभाडे काढण्याचा अर्थ येतो. मूळ पंचनाम्यात मात्र मत किंवा टीका यांना मुळीच थारा नसतो. ‘भिंतीवर रक्ताचे डाग होते’ असे पंचनाम्यात लिहिणे सदोष, ‘भिंतीवर रक्तासारखे तांबूस डाग दिसले’ हे योग्य, कारण तो डाग रक्ताचा की पानाच्या पिचकारीचा हे पंचांना ठाऊक नसते. मुद्देमालातील प्रत्येक वस्तू कोणी, केव्हा, कोणाच्या ताब्यात दिली याची नोंद अखंड असावी लागते. पोलीस ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाच्या नोंदवहीत एका दिवसाची फट राहिली, तरी उत्तम अहवालही उलटतपासणीत डळमळतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

‘रक्तासारखे’ हा शब्द प्रयोगशाळेतही लगेच गळून पडत नाही. फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचणीत रक्ताच्या डागावर गुलाबी रंग उमटतो, परंतु बटाट्यासारख्या काही भाज्यांतील विकरांमुळेही तो उमटू शकतो. म्हणून तिला प्राथमिक चाचणी म्हणतात आणि तिच्या मागोमाग निश्चायक चाचणी करावी लागते. डाग रक्ताचा ठरला तरी ते माणसाचे की कोंबडीचे हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे भरवशाचे उत्तर देणारी प्रतिरक्तद्रवाची (विशिष्ट प्राण्याच्याच रक्ताशी अभिक्रिया करणाऱ्या रक्तद्रवाची) पद्धत जर्मनीत पाउल उलेनहुथ यांनी १९०१ मध्ये दाखवून दिली. त्यानंतर रक्तगटाची पाळी येते. ‘आरोपीच्या शर्टावर मृताच्या गटाचे रक्त सापडले’ या वाक्याचा अर्थ ‘मृताचे रक्त सापडले’ असा नव्हे, कारण त्याच गटाचे कोट्यवधी लोक असतात. एका व्यक्तीपर्यंत पोहोचण्याची खरी वाट १९८४ मध्ये लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए संशोधनाने उघडली. त्या तंत्राच्या इंग्लंडमधील पहिल्या गाजलेल्या खुनाच्या प्रकरणात आधी कबुलीजबाब दिलेला मुलगा निर्दोष ठरला आणि खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला. वर्गात मी हेच उदाहरण देईन. कारण हे शास्त्र दोष सिद्ध करण्याइतकेच संशय दूर करण्यासाठीही आहे, हे त्यातून आपोआप कळते.

म्हणून ‘जुळणे’ या क्रियापदावर एक अख्खी तासिका खर्च झाली तरी हरकत नाही. ‘जुळतो’, ‘जुळत नाही’, ‘निष्कर्ष काढता येत नाही’ ही तीन उत्तरे तज्ज्ञ देऊ शकतो. ‘यानेच खून केला’ हे चौथे उत्तर त्याच्या अधिकारातले नाही. कायद्याचा शब्दही पाहण्यासारखा आहे: १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ४५ आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ३९ तज्ज्ञाच्या म्हणण्याला ‘मत’ म्हणते, निर्णय नव्हे. त्याच दिवशी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, त्यामुळे ‘फॉरेन्सिकचे लोक आले’ हे वाक्य आता गावोगावी ऐकू येणार.

‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ यांतला फरक आपण सांगालच.

प्रतिसाद ३

ठशांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, आणि मुलांना सर्वांत जास्त तेच आवडतात. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द जुन्या खरेदीखतांवर अनेकांनी पाहिले असतील. या अंगठ्याचा ओळखीसाठी जाणीवपूर्वक उपयोग करण्याच्या इतिहासात बंगालचे स्थान मोठे आहे: १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कोलकात्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. तेथील वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री यांचे नाव मिळाले. प्रत्यक्ष गणिती बांधणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता, आणि ही नावे मुलांना सांगितलीच पाहिजेत असे माझे मत आहे.

शब्दांपुरते बोलायचे, तर ‘ठसा’ हा बोलीतला आणि ‘अंगुलिमुद्रा’ हा कचेरीतला. महाराष्ट्रात हे काम राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या पुण्यातील अंगुलिमुद्रा केंद्राकडे असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या ठशाला ‘सुप्त ठसा’ म्हणतात. काच किंवा धातूवर तो भुकटीने उठवतात, तर कागदावर निनहायड्रिन वापरतात, ज्याची घामातील अमिनो आम्लांशी अभिक्रिया होऊन जांभळा रंग येतो. ठशांच्या आकृतींसाठी नवे शब्द घडवण्याची गरज नाही, कारण हात पाहणाऱ्यांनी ते आधीच देऊन ठेवले आहेत: भोवऱ्यासारखी गोल आकृती ते चक्र, एका बाजूने येऊन त्याच बाजूला वळणारी ढोबळमानाने शंख. तिसऱ्या प्रकाराला ‘कमान’ म्हणावे. शंख सर्वांत अधिक, साधारण ६० ते ६५ टक्के, आणि कमानी सुमारे ५ टक्केच आढळतात. चाळीस मुलांच्या वर्गात चारशे बोटे मोजून हे प्रमाण पडताळता येईल. भविष्य सांगणे मात्र त्या तासिकेपुरते बंद ठेवावे.

शाईच्या पॅडवर बोट टेकवून दाबले तर ठसा ‘साधा’ येतो. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद फिरवले तर ‘लोळवलेला’, आणि आकृती ओळखायला तोच बरा. तासिका संपल्यावर ठशांचे कागद ज्याचे त्याला परत द्यावेत. ते शाळेच्या कपाटात ठेवण्याचे कारण नाही.