ओलावा आणि लाकडाची ताकद
लाकूड वाळलं की कमजोर होतं, असं काही जण म्हणतात. खरं तर उलट आहे. साधारण ३० टक्क्यांच्या खाली ओलावा उतरला की पेशींच्या भिंतींमधलं पाणी जाऊ लागतं. ताकद वाढते आणि लाकूड आकसतंही. पण सगळीकडे सारखं नाही: वाढवलयांच्या (खोडात वर्षागणिक पडणाऱ्या कड्यांच्या) कडेने जेवढं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मं त्रिज्येच्या दिशेत, लांबीत नगण्य. फळ्या वाकड्या होतात त्या यामुळेच. शिकताना आम्ही पोलादाच्या सवयीने लाकडालाही सगळ्या दिशांना एकच स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थ किती ताठ आहे याचं माप) धरायचो आणि हमखास चुकायचो. तंतूंच्या दिशेतल्या गुणांकापेक्षा तंतूंना आडवा गुणांक कितीतरी पटींनी कमी असतो. आडवा ताण तर लाकडाला फारच थोडा सोसतो. कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका उभा फाटतो तो उगाच नाही.