गुलमर्ग: अफरवट शिखरावर राखलेल्या स्की-हद्दीबाहेर स्की करताना हिमस्खलनाचा अंदाज

प्रश्न: फेब्रुवारीत आम्ही चौघे गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून बाहेरच्या उतारांवर जाणार आहोत. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची सिग्नल यंत्रं) भाड्याने मिळतील. नव्या बर्फानंतर किती थांबावं?

उत्तर १: दिवस मोजून ठरवू नका. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं, बर्फ पाडणारं वादळ) गेला की लख्ख ऊन पडतं आणि लोक वर धावतात, पण धोका तेव्हाच जास्त असतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक सुटतात. कोन इन्क्लिनोमीटरने (उतारमापकाने) मोजा, नजर फसवते. वाऱ्याने कड्यामागे साठवलेला बर्फ वरून घट्ट वाटतो, तोच पाटीसारखा तुटतो. पायाखाली ‘धप्प’ आवाज किंवा पळत जाणारी भेग दिसली तर त्या दिवशी ३० अंशांखालीच राहा, तुमच्या वरच्या बाजूला मोठा तीव्र उतारही नको. डीजीआरईचा (हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या संरक्षण संशोधन संस्थेचा) इशारा आणि स्की पेट्रोलचा फलक सकाळी पाहाच.

उत्तर २: नुसता ट्रान्सीव्हर पुरत नाही. प्रत्येकाकडे किमान २४० सेंमी प्रोब (बर्फात खुपसून शोधायची घडीची काठी) आणि धातूचं फावडं हवंच, तेही सॅकच्या आत. भाड्याच्या यंत्रात नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला, निघताना एकमेकांचे सिग्नल तपासा. ट्रान्सीव्हर सिग्नल पाठवत असताना मोबाइल त्यापासून २० सेंमी आणि शोधताना ५० सेंमी लांब ठेवा.

उत्तर ३: उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी. कुणी गाडलं गेलं तर पहिली दहा मिनिटं तुमचीच. बाहेरची मदत तोवर पोचत नाही. प्रोब लागला की तो तसाच ठेवून खालच्या बाजूने आडवं खणा. गाडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून खणणारे बरेच दिसतात.