अनुभव धागा : उपासनेला बसण्यापूर्वी मनाची तयारी

धागाकर्ता, नौपाडा
प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने झाली पाहिजे, असे येशूने याकोबाच्या विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीला सांगितले, हे आपण सर्व जाणतो. परंतु आठवडाभर कचेरी, लोकल आणि घराचे हप्ते यांत अडकलेले मन रविवारी सकाळी त्या खरेपणापर्यंत आणायचे कसे, याविषयी आपण एकमेकांशी क्वचितच बोलतो. उपदेश आपण व्यासपीठावरून ऐकतोच. येथे आपण प्रत्यक्षात काय करता, तेवढेच लिहावे. कॅथलिक, प्रोटेस्टंट, स्वतंत्र मंडळ्या (चर्च), सर्वांचे स्वागत आहे.

निवृत्त शिक्षिका, चरई
आमचे घराणे मूळचे नगरचे. तेथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी व भजनांनी मराठी मंडळीला आपल्याच चालीत देवाची स्तुती करण्याची गोडी लावली. आमच्या घरी उपासनेची सुरुवात शनिवारी संध्याकाळी होत असे. दुसऱ्या दिवशीचे शास्त्रपाठ मोठ्याने वाचले जात, एक भजन होई आणि शेवटी बायबलमधील स्तोत्र १३९ मधील, अंतःकरण पारखण्याची विनंती करणारी वचने आजोबा सावकाश म्हणत. ठाण्यात मी तोच क्रम ठेवला आहे, जरी लग्नसराईत कुठल्या ना कुठल्या हळदीचा डीजे आमच्या भजनाला न मागता साथ देत असतो. शास्त्रपाठ आधी वाचलेला असला की उपदेश ऐकताना प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडलेले मन सहसा भटकत नाही, असे माझे मत आहे.

कारखाना कामगार, ऐरोली
शनिवारी तिसरी पाळी असली की मी रविवारी सकाळी कारखान्यातून थेट उपासनेला जातो, त्यामुळे संध्याकाळच्या शांत वाचनाची चैन मला परवडत नाही. ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत मी आरोहणस्तोत्रांपैकी एक वाचतो. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे बहुतेक अगदी लहान आहेत, आणि यरुशलेमेच्या वाटेवरचे यात्रेकरू ती गात असावेत असे मानले जाते. वाटेवरच्या माणसाला ती सोयीची आहेत, हे मी अनुभवाने सांगतो. तरीही अनेकदा मन तयार होत नाही. अशा वेळी उपासनेला बसावे की नाही, हे जाणत्यांनी सांगावे.

गृहिणी, कोपरी
आम्ही कॅथलिक, मूळचे वसईचे. आमच्या आजीच्या तरुणपणी कम्युनियन, म्हणजे मिस्सा या उपासनेतील पवित्र भाकर, घ्यायचे असेल तर मध्यरात्रीपासून उपवास असे. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये तो तीन तासांवर आणला आणि पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये एका तासावर. हा एक तास पाळणे मला कधीच जड गेले नाही. जड गेले ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील वचन.

सासऱ्यांच्या निधनानंतर वाडीच्या वाटणीवरून धाकट्या जावेने आमच्याशी बोलणे सोडले. आमची बाजू खरी होती, असे मी आजही मानते, आणि म्हणूनच माझे मन शांत आहे अशी माझी समजूत होती. परंतु येशूचे वचन कोणाची बाजू खरी, हे विचारतच नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असे वेदीपाशी आठवले तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, एवढेच ते सांगते. राग तिच्या मनात आहे आणि पाऊल मी उचलायचे आहे, ही गोष्ट पचायला मला फार वेळ लागला. अखेर एका शनिवारी मी फोन केला. ती दोन वाक्ये बोलली आणि तिने फोन ठेवला. वाद मिटलेला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी मिस्सामध्ये शेजारणीला ख्रिस्ताची शांती देताना शब्द घशात अडकले नाहीत. आता सणांच्या आधी मी फोन करते. कधी ती उचलते, कधी उचलत नाही.

गायनवृंदातील सदस्य, वाशी
आमची अडचण उलटी आहे. शनिवारच्या तालमीत स्वर, ताल, माइक सर्व चोख होते आणि रविवारी आम्ही इतक्या सफाईने गातो की मनाची गरजच भासत नाही. बायबलमधील आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव गीतांचा गोंगाट दूर करायला सांगतो आणि त्याऐवजी न्याय मागतो. हे वचन गायकांना कोणी फारसे वाचून दाखवत नाही. आम्ही आता तालमीच्या आरंभी गीताचे शब्द वाद्यांशिवाय नुसते वाचतो, आणि एखादे कडवे आज मनापासून म्हणता येणार नाही असे ज्याला वाटेल, त्याने ते न गाता ऐकावे, अशी मुभा ठेवली आहे. डोळ्यांत पाणी आले म्हणजे उपासना खरी झाली, हे मात्र मला पटत नाही. सूर चांगला लागला तरी पाणी येते.

दोन मुलांची आई, खारघर
कपडे, दान आणि बायबल रात्रीच काढून ठेवते. सकाळी मुलांवर ओरडावे लागले नाही, तर माझी अर्धी तयारी झालेली असते.

मंडळीतील वडील (एल्डर), घणसोली
ऐरोलीच्या बंधूंनी बायबलमधील २ इतिहास या पुस्तकाचा अध्याय ३० वाचावा. हिज्कीया राजाच्या वल्हांडणाला, म्हणजे मिसरातील गुलामीतून सुटकेच्या सणाला, आलेल्या अनेकांनी नियमाप्रमाणे शुद्धी न करताच भोजन केले. ज्याने देवाला शोधण्याकडे आपले मन लावले आहे, त्याला शुद्धी पूर्ण नसली तरी क्षमा व्हावी, अशी प्रार्थना राजाने केली आणि परमेश्वराने ती ऐकली. तेव्हा आपण अवश्य बसावे. यावरून तयारी अनावश्यक ठरते, असे मी म्हणत नाही. ते लोक शुद्धीत उणे पडले होते, पण देवाला शोधण्यासाठी एफ्राईम आणि मनश्शे या उत्तरेकडील प्रांतांपासूनची वाट चालून आले होते; राजाच्या निरोप्यांची टिंगल करणारे घरीच राहिले.