नवा पीसी, इंटेलचा आय-५ १२४०० प्रोसेसर, रेंडर लावलं की १०० अंश. तातडीने मदत हवी आहे

फ्रेमवाला (शनिवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. चार दिवसांपूर्वी स्वतः नवा पीसी जोडला. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की प्रोसेसर सरळ १०० अंशांवर जातो, स्पीड २ गीगाहर्ट्झच्याही खाली येतो. काल दोनदा मशीन आपोआप बंद पडली. प्रोसेसरवरची उष्णता वाहणारी पेस्ट बदलून पाहिली, बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, विंडोज पुन्हा टाकलं. सगळं करून झालं. सोमवारी लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ द्यायचा आहे. मला वाटते प्रोसेसरच खराब आला, पण दुकानदार परत घ्यायला तयार नाही. कोणाला काही सुचत असेल तर लवकर सांगा.

सोल्डरगन (रात्री ११:५२)
कूलर कोणता लावलाय? कॅबिनेट कोणती, पंखे किती आणि कुठे? मदरबोर्ड कोणता? शंभरला पोचायला किती वेळ लागतो? तुम्ही लिहिलेल्यात यातलं काहीच नाही.

कोथरूडचा_पीसीवाला (रात्री ११:५८)
२४० मिमीचा लिक्विड कूलर (पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा) घ्या आणि मोकळे व्हा. मी २०२१ पासून तोच वापरतोय, कधी सत्तरच्या वर गेलो नाही. एअर कूलिंगवर व्हिडिओ एडिटिंग करूच नये.

फ्रेमवाला (रात्री १२:०५)
कूलर चालूच असतो, खिडकीत डेझर्ट कूलर आहे. तरी दिवसा खोलीत ३८ असते, आता ३५. आमच्याकडे अमरावतीला मे महिन्यात यापेक्षा कमी होत नाही.

सोल्डरगन (रात्री १२:०७)
भाऊ, मी प्रोसेसरवरचा कूलर विचारतोय.

फ्रेमवाला (रात्री १२:११)
तो चांगला आहे. टॉवर (उभ्या पत्र्यांचा), १२० मिमीचा पंखा. त्याच्यात काही प्रॉब्लेम नाही, आधी व्यवस्थित चालत होता. कॅबिनेटला पुढे तीन पंखे, मागे एक. ग्राफिक्स कार्ड ३०६०.

मुक्ता_७ (रात्री १२:१५)
दादा, कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा कागद असतो, तो काढलात ना? माझ्या भावाने तसाच बसवला होता. आठवडाभर शोधत होतो काय झालंय ते.

फ्रेमवाला (रात्री १२:१७)
ताई, तेवढं कळते मला. कागद नाही. दोनदा खोलून पेस्ट लावली म्हटलं ना.

जुना_जाणकार (रात्री १२:३०)
माझं ऐकाल तर जोडणीच्या भानगडीत पडूच नका. मॅक मिनी घ्या. माझा मुलगा त्यातल्या एम-१ चिपवर एडिटिंग करतो, पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही. आणि घेतलेले सुटे भाग ओएलएक्सवर टाका.

सोल्डरगन (रात्री १२:३४)
काका, त्यांना सोमवारी काम द्यायचंय, नवी मशीन आता कुठून आणणार?

निळा_धूर (रात्री १२:४१)
इंटेलच्या बाराव्या पिढीत सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा) क्लिप प्रोसेसरला मधोमध दाबतो आणि प्रोसेसर किंचित वाकतो. मग कूलरचा तळ नीट टेकत नाही. त्या क्लिपऐवजी लावायची काँटॅक्ट फ्रेम मागवा, हजाराच्या आत येते. सगळ्यांनी लावायलाच हवी, माझं तर ठाम मत आहे.

सोल्डरगन (रात्री १२:४६)
वाकतो हे खरं, पण फ्रेमने फरक पडतो चार-पाच अंशांचा. १२४०० ला त्याच्या नेहमीच्या पासष्ट वॅटला शंभर अंश होत असतील तर ते वाकण्यामुळे नाही. आणि फ्रेमचे स्क्रू कमी-जास्त आवळले गेले की रॅमचा एक भाग मशीनला दिसेनासा होतो. ज्याने पहिल्यांदाच पीसी जोडलाय त्याला आत्ता हे सांगू नका.

निळा_धूर (रात्री १२:४९)
पहिल्यांदा जोडलाय असं ते कुठे म्हणाले? आणि पासष्ट वॅट कोणी पाहिलेत? बरेच बोर्ड आल्या आल्या पॉवर लिमिट काढून टाकतात. १२४०० ची टर्बो (वाढीव स्पीडची) मर्यादा ११७ वॅट आहे. बायोसमध्ये पीएल-१ (प्रोसेसरने सतत किती वॅट घ्यायचे याची मर्यादा) पासष्टवर आणा, मग बोला.

सोल्डरगन (रात्री १२:५३)
पीएल-१ चं म्हणणं मान्य. फ्रेमवाला, ते कराच. पण ११७ वॅटलाही टॉवर कूलरने शंभर व्हायला नको, खोली ३५ असली तरी. हिशेब सोपा आहे: बऱ्या टॉवरवर पासष्ट वॅटला खोलीपेक्षा ३०-३५ अंश जास्त, म्हणजे सत्तरच्या आसपास. तुम्ही अजून सांगितलं नाही की शंभरला किती वेळात पोचतो. रेंडर लावून हळूहळू दहा-पंधरा मिनिटांत चढला तर हवा खेळत नाही. पाच-दहा सेकंदांत उडाला तर कूलर प्रोसेसरला टेकतच नाही. लगेच बघा. आणि रेंडर चालू असताना कूलरच्या पत्र्यांना वरच्या टोकाला बोट लावून पाहा, पंख्यापासून जपून.

विदर्भ_एक्सप्रेस (रात्री १:०२)
डेझर्ट कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका भाऊ. ओल्या हवेने बोर्ड गेला माझा अकोल्याला.

निळा_धूर (रात्री १:०५)
गरम भागावर पाणी साचत नाही, ते थंड पृष्ठभागावर साचतं. डेझर्ट कूलरने खोली पाच-सहा अंश उतरत असेल तर मशीनला फायदाच आहे. बोर्ड दुसऱ्या कशाने गेला असेल.

विदर्भ_एक्सप्रेस (रात्री १:०८)
दुकानदाराने गंज दाखवला मला. पावसाळ्यात आणि कूलरसमोर मशीन बंद असते तेव्हा काय? बंद मशीन गरम असते का?

फ्रेमवाला (रात्री १:१४)
आत्ताच पाहिलं. आठ सेकंदात १००. आणि कूलर थंडच आहे! पत्रे कोमटसुद्धा नाहीत. म्हणजे सेन्सरच खोटा असेल का? पीएल-१ पासष्ट केला, तरी तेच.

सोल्डरगन (रात्री १:१७)
सेन्सर खोटा वाटत नाही. प्रोसेसर खरंच तापतोय आणि उष्णता कूलरपर्यंत जातच नाहीये. आता रेंडर बंद करा, वारंवार शंभरला नेऊ नका. कूलर काढा आणि पेस्टचा ठसा कसा उमटलाय ते सांगा. आणि हा कूलर "आधी चालत होता" म्हणालात, तो कुठे? कोणत्या मशीनमध्ये?

फ्रेमवाला (रात्री १:३८)
काढला. एका कडेला पेस्ट दबून पातळ झाली आहे, बाकी मधोमध टाकलेला वाटाणा जवळपास तसाच्या तसा. कूलर माझ्या जुन्या मशीनचा आहे, त्यात आय-५ १०४०० होता. नवा कशाला घ्यायचा म्हणून तोच लावला. सगळे स्क्रू बसले, भोकंही जुळली.

सोल्डरगन (रात्री १:४१)
मग सापडलं. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर दोन तास वाचले असते.

१०४०० चा सॉकेट १२००, १२४०० चा १७००. जुन्याची भोकं ७५ मिमीच्या चौकोनात, नव्याची ७८ च्या. एरवी जुना ब्रॅकेट (कूलर बोर्डाला धरून ठेवणारी पट्टी) बसलाच नसता आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. पण काही बोर्डांवर दोन्ही मापांची भोकं दिलेली असतात, तुमचा बहुतेक तसाच आहे. शिवाय नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरची उंची जवळजवळ एक मिलिमीटर कमी आहे. जुन्या ब्रॅकेटचे स्क्रू शेवटपर्यंत गेले तरी तळ नीट दाबला जात नाही, एका कडेला टेकून राहतो. तुमचा प्रोसेसर चांगला आहे. दुकानदाराशी भांडू नका.

जुगाड_मास्टर (रात्री १:४५)
सोपं आहे. कूलरच्या स्क्रूच्या स्प्रिंगवर नायलॉनचे वायसर टाका, दाब वाढेल. मी केलंय.

सोल्डरगन (रात्री १:४८)
एक मिलिमीटर अंदाजाने भरायला जाल आणि बोर्ड वाकवाल. सोल्डर तडकला तर दिसतही नाही. हे करू नका. कूलरच्या कंपनीकडे १७०० चं माउंटिंग किट (ब्रॅकेट-स्क्रूचा संच) मागा. नॉक्टुआसारखे काही जण बिल दाखवलं की फुकट देतात, बाकीच्यांचं ऑनलाइन मिळतं.

फ्रेमवाला (रात्री १:५०)
पण किट येईपर्यंत सोमवार उलटून जाईल.

मुक्ता_७ (रात्री १:५३)
दादा, प्रोसेसर डब्यातला घेतलात का? १२४०० च्या डब्यात इंटेलचा कूलर येतो. तो कुठे आहे?

फ्रेमवाला (रात्री १:५४)
माळ्यावर! डब्यातच आहे, उघडलापण नाही.

सोल्डरगन (रात्री १:५७)
मुक्ताताई, मला सुचायला हवं होतं. तोच लावा. पेस्ट तळाला आधीच लावलेली असते, बोट लावू नका. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. पिना बाहेरच्या, ७८ च्या भोकांत. तिरक्या समोरासमोरच्या दोन एकदम दाबा, चारही वेळा "टक" ऐकू आला पाहिजे. डोक्यावर बाण आहे, त्या दिशेने फिरवलं तर पिन सुटते, म्हणून बसवताना फिरवू नका. शेवटी बोर्डाच्या मागून पाहा, चारही टोकं आरपार आलेली दिसली पाहिजेत. पंख्याची वायर सीपीयू फॅनच्या कनेक्टरलाच लावा. पीएल-१ पासष्टवरच राहू द्या.

कोथरूडचा_पीसीवाला (सकाळी ८:२०)
आताच सगळं वाचलं. लिक्विड घेतला असता तर १७०० चा ब्रॅकेट सोबतच आला असता, एवढंच म्हणतो.

फ्रेमवाला (रविवार, सकाळी १०:०५)
रात्री तीनपर्यंत बसलो. एक पिन अर्धीच बसली होती, मागून पाहिलं म्हणून कळलं. आता रेंडर सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली. ८६ वर थांबून आहे, स्पीड पडत नाही, खोली ३६. हे ८६ चालेल का? पंखा खूप ओरडून राहिला.

सोल्डरगन (सकाळी १०:१२)
मर्यादा १०० आहे, खोली ३६ आहे, बिनधास्त चालू द्या. किट आलं की टॉवर लावा.

फ्रेमवाला (रविवार, रात्री ९:३०)
रेंडर पूर्ण झालं, उद्या सकाळी पेनड्राइव्ह देतो. किट मागवलं. सोल्डरगन दादा, मुक्ताताई, तुम्ही झोप मोडून बसलात माझ्यासाठी, हे विसरणार नाही. दुकानदाराला फोन करून माफी मागितली, त्याचा दोष नव्हता.

विदर्भ_एक्सप्रेस (रविवार, रात्री ९:४४)
छान. आता ती मशीन खिडकीपासून दूर सरकवा.