पहाटे रोहू-कटला पाण्यावर तोंड काढतात, दुपारी मात्र ऑक्सिजन ११. असं का?

शेततळेकर:
अस्तराचं ३० × ३० × ३ मीटरचं शेततळं, सध्या पाणी २ मीटर. रोहू, कटला, मृगळ मिळून १००० नग, सरासरी ३०० ग्रॅम. खाद्य रोज ९ किलो. पाणी गडद हिरवं. किटवर विरघळलेला ऑक्सिजन दुपारी ३ ला ११ मिग्रॅ/लिटर, पहाटे ५ ला २. त्या वेळी सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, ऊन चढलं की खाली. एका रात्रीत मासे एवढा ऑक्सिजन ओढतात? शेजारच्या टाकीतले मरळ तर दिवसभर वर येतात, त्यांनाही कमी पडतोय का?

कल्लेकाटे:
मासे फार थोडा ओढतात, खरा खाणारा शेवाळ, ज्याने पाणी हिरवं झालंय. दिवसा उन्हात तेच ऑक्सिजन बनवतं, रात्री तेच ओढतं. हिशोब मांडा. उतार धरून २ मीटरला साधारण ११.५ लाख लिटर पाणी, मासे ३०० किलो. ३० अंशांच्या आसपास कार्प (रोहू, कटला, मृगळ यांचं कुळ) किलोमागे तासाला २०० ते ३०० मिग्रॅ घेतो, म्हणजे १२ तासांत सगळे मिळून ९०० ग्रॅमच्या आसपास. लिटरमागे झाले पाऊण मिग्रॅ, आणि तुमचे गेलेत ९! बाकीचा गेला शेवाळाच्या स्वतःच्या श्वसनात आणि तळाशी कुजणाऱ्या खाद्य-विष्ठेत. ३० अंशांच्या पाण्यात हवेतून मुरून ७.५ च्या वर राहत नाही, वरचा निसटून जातो. त्यामुळे ११ बघून खूश होऊ नका, शेवाळ बेसुमार झाल्याचं ते लक्षण आहे.

मत्स्यमित्र:
श्वासाचं सांगतो. मासा तोंड उघडून पाणी आत घेतो, तोंड मिटून ते कल्ल्यांवरून ढकलतो आणि झाकणाखालून बाहेर सोडतो. कल्ल्यांच्या चार जोड्या कमानी, कमानींवर लाल तंतू, तंतूंवर अतिपातळ पापुद्रे. पापुद्र्यांतलं रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं, त्यामुळे पाणी बाहेर पडेपर्यंत त्यातला ऑक्सिजन रक्तात ओढला जातो, ८० टक्क्यांपर्यंतही. पण मुळात २ च असेल तर ओढणार काय? शिवाय पहाटे पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, त्याने रक्ताची ऑक्सिजन धरण्याची ताकदही घटते.

रोहू-कटला वर येऊन हवा गिळत नाहीत. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात ऑक्सिजन जरा जास्त असतो, तोच थर ते कल्ल्यांवर घेतात. लिटरभर हवेत २७० मिग्रॅ ऑक्सिजन असूनही काठावर काढलेला रोहू गुदमरतो, कारण पाण्याबाहेर पापुद्रे एकमेकांना चिकटतात.

मरळीचं गणित वेगळं. तिच्या कल्ल्यांच्या वर हवेची पोकळी असते, हवा गिळल्याशिवाय ती जगत नाही. पाण्याखाली जाळ्यात अडकून राहिली तर बुडून मरते. वर आली, घोट घेतला, खाली गेली, हे तिचं रोजचंच. वरच तरंगत राहिली तर काळजी करा.

एरेटर_मध्यरात्री:
उपाय. मासे वर आहेत त्या दिवशी खाद्य बंद, जाळंही ओढू नका. धडपडीत ऑक्सिजनची गरज वाढते. १ एचपीचा पॅडलव्हील (पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारं चाक) रात्री ११ ला सुरू करून ऊन चढेपर्यंत चालवा. भर दुपारी ११ असताना चालवलात तर उलट पाण्यातला ऑक्सिजन बाहेर जाईल. खाद्य निम्म्यावर आणा, शेणखत टाकत असाल तर थांबवा. हात पाण्यात घालून पाहा: २० सेंमीवरच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त, ३० ते ४० ठीक. सलग ढगाळ दिवस आले की आधीच सावध व्हा, त्या दिवशी शेवाळ दिवसाही पुरेसा ऑक्सिजन बनवत नाही.

शेततळेकर:
पॅडलव्हील यायला वेळ आहे. बोअरचं पाणी सोडू का?

एरेटर_मध्यरात्री:
सोडा, पण पाइप पाण्यात बुडवून नको. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो, कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. पाइप उंच धरून फवाऱ्याने पाडा. त्यापेक्षा तळ्याचंच वरचं पाणी पंपाने उचलून रात्रभर पसरून पाडणं बरं.

कल्लेकाटे:
चुना मात्र आत्ता टाकू नका. गडद हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) दुपारी आधीच चढलेला असतो. चुन्याने आणखी चढला की अमोनिया जास्त विषारी होतो. मेलेला मासा सापडला तर कल्ले उघडून बघा. कल्ले तपकिरी, चॉकलेटसारखे असतील तर ऑक्सिजन नव्हे, नायट्राइट (अमोनियापासून बनणारं विषारी द्रव्य) मोजा. आणि आधी मोठे मासे मेले असतील तर बहुतेक ऑक्सिजनचाच तुटवडा, कारण तो मोठ्यांना आधी भोवतो.