मदत हवी आहे : घोडीला गुळवेल-अश्वगंधा किती द्यावी?

निपाणीजवळ आमची सात वर्षांची घोडी आहे, वजन साधारण ३०० किलो. आठवड्यातून पाच दिवस गाडीला असते, जत्रेच्या दिवसांत घोडागाडी शर्यतीलाही पळते. दोन महिन्यांपूर्वी जबड्याखाली गाठ येऊन फुटली. डॉक्टर स्ट्रँगल्स (घोड्यांचा घशा-जबड्याच्या गाठींचा संसर्गजन्य आजार) म्हणाले. उपचार झाले, गाठ भरून आली, ग्लँडर्सची (घोड्यांचा दुसरा एक गंभीर संसर्गजन्य रोग) रक्ततपासणीही निगेटिव्ह आली. पण अजून जोर आलेला नाही. चढाला दम लागतो, काम सोडल्यावर नाकातून पातळ पाणी येतं, मानेखालचा घाम लवकर वाळत नाही. ताप नाही, अंगाचं तापमान सकाळी १०० फॅरनहाइटच्या आसपास असतं, घोड्याला ते नेहमीचंच.

जंताचं औषध दिलंय, धनुर्वाताची लस झाली आहे. कडबा ओला करून घालतो, धूळ नको म्हणून. गाडीला सध्या जुंपत नाही, नुसती फिरवतो. दुसरा घोडा वेगळा बांधलाय, बादलीही वेगळी.

गावातले जाणते लोक गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. दुकानदार अर्काची बाटली देतोय, तीत अश्वगंधाही आहे, पण मात्रा गाई-म्हशींची लिहिली आहे. घोड्याचं पोट गाईसारखं रवंथाचं नाही, म्हणून तीच मात्रा द्यायला मन धजत नाही. घोडी गाभण नाही, दुसरं कुठलं औषध चालू नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हरकत नाही, पण मात्रा त्यांनी सांगितली नाही.

ज्यांनी घोड्यालाच हे दिलंय त्यांनी सांगावं : ओली गुळवेल की अर्क, दिवसाला किती आणि किती दिवस? आणि शर्यतीच्या किती दिवस आधी बंद करायचं?